काचेत पाणी दिसतंय का? बॉयलरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गाळप हंगामाच्या तयारीवर लिहिताना बॉयलरच्या वार्षिक तपासणीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या चार ओळींवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. मी स्वतः तीस वर्षं बॉयलर हाऊसमध्ये काढलीयत, आधी साखर कारखान्यात आणि मग कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये, त्यामुळे या विषयावर मला शांतपणे लिहिता येत नाही, कुठे आवाज चढलाय असं वाटलं तर समजून घ्या.

प्रश्न: मी एका डाइंग युनिटमध्ये बॉयलरवर आहे, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे. आमचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो, स्टीम वाया जाते, जळण जास्त लागतं, म्हणून सुपरवायझर म्हणतात स्प्रिंग थोडी आवळून टाक. नाही म्हटलं तर नोकरीवर येईल. काय करू? (एक वाचक, भिवंडी)

भाऊ, आवळू नका. कोणीही सांगितलं तरी नाही. दाब हद्दीबाहेर गेला की आपोआप उघडून वाफ सोडणारा तो व्हॉल्व्ह इन्स्पेक्टरसमोर सेट करून सील केलेला असतो, स्प्रिंग आवळली की तो त्या दाबाला उघडतच नाही, आणि त्याच्याशी छेडछाड करणं हा अगदी १९२३ च्या जुन्या बॉयलर कायद्यातसुद्धा गुन्हा होता, आजही आहे, आणि पाना तुमच्या हातात असेल तर उद्या नाव तुमचंच येणार, सुपरवायझर म्हणेल मी असं बोललोच नव्हतो.

पण कायदा बाजूला ठेवा, आत काय चाललंय ते बघा. तुमचा बॉयलर १० किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १० किलो) दाबावर चालत असेल तर आतलं पाणी साधारण १८४ अंशांवर असतं, ते उकळून वाफ होत नाही याचं कारण फक्त दाब. आता शेल, म्हणजे बॉयलरचं बाहेरचं पोलादी कवच, कुठे फाटला की तो दाब क्षणात जातो आणि त्या हजारो लिटर पाण्यातला मोठा हिस्सा एकदम वाफ होऊ पाहतो, आणि उघड्यावर एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. भिंती पडतात, पत्रे उडतात, टनावारी वजनाचा शेल शेजारच्या प्लॉटमध्ये जाऊन पडतो ते यामुळेच. हे सगळं आणि तुम्ही, यांच्यामध्ये शेवटचा उभा असतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह. म्हणून तर नियमात साधारणपणे एक नाही दोन लावायला सांगितलेत. एका जुन्या युनिटमध्ये लिव्हरच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला तारेने वीट बांधलेली मी डोळ्यांनी पाहिलीय आणि खाली तीन पोरं डबा खात बसली होती, तो प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आता मूळ दुखणं. व्हॉल्व्ह सारखा उडतो याची कारणं मोजकीच असतात. एक तर तुम्ही ज्या दाबाला बॉयलर चालवताय तो व्हॉल्व्हच्या सेटिंगला अगदी चिकटून आहे, मग चालवायचा दाब अर्धा-एक किलो खाली आणा, बहुतेक डाइंगच्या कामाला तेवढ्याने काही फरक पडत नाही. किंवा ठरलेल्या दाबाला जाळ तोडणारा प्रेशर स्विच वेळेवर कट करत नाहीये, तो बदला, फार महाग वस्तू नाही ती. किंवा कापड रंगवायची जेट मशीन एकदम बंद होतात, स्टीमची मागणी पडते आणि भट्टीत लाकूड पेटलेलंच असतं, तिथे डाइंग खात्यातून पाच मिनिटं आधी निरोप यायची पद्धत लावा म्हणजे पंखा आणि डँपर (भट्टीच्या हवेची झडप) आधीच कमी करता येतो. किंवा व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो जिथे घट्ट टेकतो ती जागा, खराब झालीय आणि तो उडत नाहीये तर गळतोय, मग शटडाऊन घेऊन सीट लॅप करायची, म्हणजे घासून सपाट करायची, आणि परत सेट करून सील करून घ्यायचा. हे सुपरवायझरला असं सांगा की जळण वाचवायचा रस्ता हा आहे, स्प्रिंग नाही.

तरी ऐकत नसतील तर लॉगबुकात वेळेसकट लिहून ठेवा, अमुक वाजता व्हॉल्व्ह उडाला, अमुक व्यक्तीला कळवलं. मालकाला सांगा, कारण बऱ्याचदा मालकाला माहीतच नसतं खाली काय चाललंय. आणि शेवटी बाष्पके संचालनालयाकडे तक्रार करता येते, हो, सरकारी मराठीत बॉयलरला बाष्पक म्हणतात. नोकरीची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही, घर चालवायचं असतं. पण सर्टिफिकेट असलेला माणूस दुसरीकडे उभा राहू शकतो, कायद्याने त्याच्याशिवाय बॉयलर पेटवताच येत नाही, आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला तर जातं ते तेच सर्टिफिकेट.

प्रश्न: आमच्याकडे हळद शिजवायला ट्रॅक्टरमागे ओढायचा वाफेचा कुकर आहे, गावातल्या वेल्डरने बनवलाय. सीझनमध्ये भाड्यानेही देतो. एक जण म्हणाला याला बॉयलर इन्स्पेक्टरची परवानगी लागते, खरं का? (एक शेतकरी, वसमत)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हळदीच्या कुकरबद्दल कोणी विचारतच नाही. कायद्यात बॉयलर कशाला म्हणायचं याची मापं ठरलेली आहेत. आत वाफ तयार होऊन ती बाहेर वापरली जाते, आकारमान २५ लिटर किंवा जास्त, दाब १ किलो किंवा जास्त, आणि पाणी १०० अंशाच्या पुढे तापतं, हे सगळं जुळलं की तो बॉयलर, मग तो कारखान्यात असो नाहीतर शेताच्या बांधावर. तुमची टाकी २५ लिटरपेक्षा मोठी आहेच, त्यात वाद नाही. म्हणजे सगळं येऊन थांबतं दाबावर.

बहुतेक कुकरमध्ये टाकीतली वाफ पाइपाने हळदीच्या ड्रममध्ये जाते आणि ड्रमातून मोकळी बाहेर पडते, अशा वेळी दाब एक किलोपर्यंत चढतच नाही, अर्ध्याच्याही खाली राहतो, आणि मग तो या कायद्यात येत नाही. पण हे फक्त वाट मोकळी असेपर्यंतच खरं आहे हो. प्रत्येक ड्रमला कॉक असतो ना? एक ड्रम काढून दुसरा भरताना पोरगा सगळे कॉक बंद करतो आणि खाली जाळ तसाच चालू असतो. त्या दहा मिनिटांत तुमचा साधा कुकर बॉयलर होतो, आणि तोही असा बॉयलर ज्याचं डिझाइन कोणी केलेलं नाही, वेल्डिंग कोणी तपासलेलं नाही, प्लेट कुठल्या भंगारातून आली माहीत नाही. माणसं दगावतात ती इथे.

उपाय साधा आहे. टाकीवर एक पाइप असा ठेवा की ज्याला कॉकच नाही, कधीच बंद होऊ शकत नाही. पाइपाचं खालचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडवून वरचं उघडं ठेवलं तर दाब वाढताना पाणी त्या पाइपात वर चढतं, १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ किलो दाब, म्हणजे तीन मीटरचा पाइप असेल तर जेमतेम पाव किलोच्या पुढे गेलं की पाणी वरून बाहेर पडायला लागेल आणि तुम्हाला लांबूनच कळेल. हे पाणी उकळतं असतं, तेव्हा पाइपाचं तोंड माणसं उभी राहतात तिकडे करू नका. याशिवाय प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही लावाच, पाण्याची पातळी दाखवणारी काच लावा. आणि टाकी कोरडी पडून तापली असेल तर वरून गार पाणी कधीही ओतू नका, आधी जाळ ओढून बाहेर काढा, माणसं लांब करा, आपोआप गार होऊ द्या. भाड्याने देता तेव्हा कुकरबरोबर हे समजणारा माणूसही द्या. एक किलोच्या वर चालवायचा विचार असेल तर मात्र गावातला वेल्डर नाही, रीतसर मंजूर डिझाइनचा, रजिस्टर होणाराच घ्या.

प्रश्न: वडिलांचा सायझिंगचा (सुताला खळ लावायचा) धंदा आहे. सुरतच्या बाजूला एक वापरलेला बॉयलर निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. दलाल म्हणतो कागद नंतर होतील, आधी उचला. घ्यावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

"कागद नंतर होतील" हे वाक्य ऐकलं की तिथून उठायचं. बॉयलरच्या बाबतीत कागद म्हणजेच अर्धा बॉयलर. बनवताना कुठली प्लेट वापरली, वेल्डिंग कोणी केलं, टेस्ट कोणी बघितली याची कारखान्यातली सर्टिफिकेटं असतात, ड्रॉइंग असतात, आणि आयुष्यभराच्या तपासण्यांची नोंद असलेलं इन्स्पेक्शन बुक असतं. ते बुक सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटची फाइलच समजा ती. कुठल्या वर्षी किती ट्यूब (आतल्या नळ्या) बदलल्या, कधी शेलला वेल्डिंग केलं, कधी दाब कमी करून दिला, सगळं त्यात असतं. दलाल ते दाखवत नाही याचा अर्थ त्यात असं काहीतरी आहे जे त्याला दाखवायचं नाहीये, किंवा बॉयलर भंगारात काढून झालाय.

तरी जाऊन बघणार असाल तर पहिल्यांदा रजिस्टर नंबर शोधा, तो बॉयलरच्या अंगावर ठोकलेला असतो, नुसत्या रंगवलेल्या अक्षरांवर जाऊ नका. सर्टिफिकेटवरचा नंबर आणि हा नंबर जुळला पाहिजे. मग वय बघा, २५ वर्षांच्या पुढच्या बॉयलरला नियमांत वेगळी कसून तपासणी आहे आणि दाबही कमी करून मिळू शकतो, म्हणजे तुम्ही १० किलोचा म्हणून घेतला आणि हातात पडला कमी दाबाचा असं होतं. आपला स्वतःचा माणूस नेऊन पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्या, यूटी म्हणतात त्याला, मॅनहोल उघडून आत क्षार किती आहे, किती ट्यूब प्लग मारून बंद केल्यात ते बघा. शक्य असेल तर हायड्रो टेस्ट समोर करून घ्या, गार पाणी भरून चालवायच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात, कुठे पाझरलं तर दिसतं आणि गार पाणी असल्यामुळे फुटायचा धोका नसल्यासारखाच असतो.

आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बॉयलर नेला की जुनं सर्टिफिकेट तसंच चालत नाही, इथे परत कळवायचं, तपासणी करायची, मगच पेटवायचा. लोक आणखी एक विसरतात ती पाइपलाइन. साडेतीन किलोच्या वर दाब असलेली स्टीमची पाइपसुद्धा याच कायद्यात येते, तिचं ड्रॉइंग मंजूर लागतं, पाइपचं सर्टिफिकेट लागतं, बाजारातली कुठलीही पाइप आणून वेल्डिंग मारलं असं नाही. हा सगळा खर्च धरला, वाहतूक, फाउंडेशन, चिमणी धरली की निम्मी किंमत निम्मी राहत नाही. माझं मत विचाराल तर छोटा घ्या पण नवा घ्या.

अर्थात नवा म्हणजे बिनघोर असंही नाही. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या वीज केंद्रात ५०० मेगावॅटच्या सहाव्या युनिटमध्ये जी दुर्घटना झाली ते युनिट त्याच वर्षी सुरू झालेलं होतं, भट्टीत राख साठली, आतला दाब वाढला आणि गरम वायू आणि राख बाहेर येऊन चाळीसहून जास्त माणसं गेली.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत एमआयडीसीच्या जवळ राहतो. २३ मे २०२४ ला स्फोट झाला तेव्हा आधी बॉयलर फुटला म्हणाले, मग रिअ‍ॅक्टर म्हणाले. यात फरक काय आणि तपासतं कोण? (एक गृहिणी, डोंबिवली)

ताई, फरक मोठा आहे. बॉयलर फक्त पाण्याची वाफ करतो, उष्णता बाहेरून येते, जाळ बंद केला की हळूहळू सगळं थंडावतं. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनं एकत्र येतात आणि उष्णता आतूनच तयार होते, कूलिंग बंद पडलं, ढवळणारा पंखा थांबला किंवा एखादं रसायन जास्त वेगाने पडलं तर ती क्रिया स्वतःच स्वतःला भडकवत जाते आणि बाहेरून बंद करायला काही बटण नसतं. म्हणून मला नेहमी वाटतं की रिअ‍ॅक्टरच्या पत्र्याची जाडी तपासून मिळालेला कागद हा अर्धाच कागद आहे, आतली रासायनिक क्रिया त्यात दिसतच नाही.

तपासणारेही वेगवेगळे. बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे. रिअ‍ॅक्टर, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसरची हवेची टाकी हे सगळं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, तिथे सरकारने मान्यता दिलेला सक्षम व्यक्ती ठरलेल्या मुदतीने तपासून कागद देतो. आणि १००० लिटरच्या वरच्या गॅसच्या टाक्या, सिलिंडर वगैरे पेसोकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा खात्याकडे, ज्याचं मुख्य ऑफिस आपल्या नागपूरला आहे. एकाच कारखान्यात या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि तीन ऑफिसांची माणसं आपापला डबा बघून जातात, याचा मला मनापासून त्रास होतो.

तुमच्या हातात काय आहे तर माहिती मागणं. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात बदल करून धोकादायक कारखान्यांनी आसपासच्या लोकांना धोक्याची आणि आपत्कालीन उपायांची माहिती देणं बंधनकारक केलं गेलं. सोसायटीच्या लेटरहेडवर जवळच्या कारखान्यांना आणि औद्योगिक सुरक्षा खात्याला लेखी विचारा, स्फोट किंवा गळती झाली तर आम्ही कुठल्या दिशेने जायचं, सायरन कोणता, मॉक ड्रिल शेवटचं कधी झालं. एका सोसायटीने विचारलं तर पत्र फाइलला लागतं, दहांनी विचारलं तर बैठक लागते.

प्रश्न: घरातला कुकर पण बॉयलरच ना? मग त्याला तपासणी का नाही? (एक वाचक, सातारा)

कुकर २५ लिटरपेक्षा खूप लहान आणि वाफ आतच वापरली जाते, म्हणून बॉयलरचा कायदा लागत नाही. पण अगदी मोकाट पण नाही, आयएस २३४७ हे त्याचं स्टँडर्ड आहे आणि आयएसआय मार्कशिवाय घरगुती कुकर विकायला बंदी आहे. तुम्ही एवढंच करा, शिट्टीची नळी उजेडात धरून आरपार दिसते का ते रोज बघा, आणि सेफ्टी प्लग उडाला तर त्याच कंपनीचा ओरिजिनल बसवा. भोकात स्क्रू मारून देणारे महाभाग दुकानदार आहेत, त्यांच्याकडून करून घेऊ नका. आणि घरगुती गॅसचा सिलिंडर घेताना वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात ते वाचा, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने, असं करत सिलिंडरची टेस्ट कधी करायची ते त्यात लिहिलेलं असतं, मुदत उलटली असेल तर परत पाठवा.

प्रश्न: नवीन बॉयलर कायद्यात जेल काढून टाकली असं ऐकलं. मग मालक घाबरतील कशाला? (एक निवृत्त कामगार, अहिल्यानगर)

पूर्ण नाही काढली. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा बॉयलर्स अ‍ॅक्ट आला, त्यात सात गुन्ह्यांपैकी चार, म्हणजे ज्यात जीव आणि मालमत्ता जाऊ शकते असे, फौजदारीच ठेवलेत आणि बाकीच्यांना पैशाचा दंड केलाय. कागद वेळेवर दिला नाही म्हणून कोर्टात खेपा घालायला लावण्यात मलाही अर्थ वाटत नव्हता, त्यामुळे या बदलाला माझा विरोध नाही.

पण तुमचा प्रश्न घाबरण्याचा आहे, तर काका, मूळ गोष्ट बघा. कलकत्त्याला १८६३ मध्ये बॉयलरचा मोठा स्फोट झाला, त्यावरून १८६४ मध्ये बंगालचा कायदा आला, मग प्रत्येक प्रांताचे वेगळे, शेवटी सगळ्यांचा मिळून एक झाला तो १ जानेवारी १९२४ पासून लागू. म्हणजे माणसं मेल्यावर कायदा आला. त्याचा गाभा पहिल्यापासून तोच आहे, रजिस्टर केल्याशिवाय पेटवायचा नाही, ठरलेल्या दाबाच्या वर न्यायचा नाही, सर्टिफिकेटवाल्या माणसाशिवाय चालवायचा नाही, आणि न विचारता कापाकापी करायची नाही. बॉयलरचं सर्टिफिकेट सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं, पण इन्स्पेक्टर साहेब वर्षातून एक दिवस येतात, तेही बॉयलर गार करून, उघडून, घासून ठेवलेला असताना. उरलेले ३६४ दिवस तो पाळीवरच्या माणसाच्या हातात असतो, आणि त्याला कारखान्यात वॉचमनइतकाही मान नसतो. माझ्या मते मालक घाबरतो की नाही यापेक्षा हा माणूस न घाबरता "बंद करतो" म्हणू शकतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न: माझा मुलगा बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसतोय. तोंडी परीक्षेत काय विचारतात? त्याला काय शिकवू? (एक वडील, बारामती)

फिटिंग्जची नावं, कामं, गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) ब्लो करायची, म्हणजे वाफ-पाणी सोडून साफ करायची पद्धत, पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार), पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला मीठ कधी लावायचं, हे सगळं विचारतात, ते पुस्तकात मिळेल. पण एक प्रश्न जवळपास हमखास येतो, काचेत पाणी दिसत नाहीये, काय कराल? आणि निम्मी मुलं पटकन म्हणतात, फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा पंप) चालू करू.

तिथेच चूक आहे. प्रोसेस हाऊसमध्ये मी नवीन होतो तेव्हा रात्रपाळीला हेच झालं, फीड पंपाचा स्ट्रेनर (गाळणी) चोक झाला होता, लो वॉटर अलार्मची वायर आठवड्यापूर्वी कोणीतरी काढून ठेवलेली, आणि माझं लक्ष गेलं तेव्हा काच रिकामी. माझा हात पंपाच्या स्विचकडे गेलाच होता. आमच्याबरोबर एक वयस्कर फायरमन होते, त्यांनी मनगट धरलं आणि एवढंच म्हणाले, आधी जाळ. त्यांनी पंखे बंद केले, भट्टीत लाकूड टाकायचं थांबवलं, मला बाहेर काढलं आणि सकाळपर्यंत बॉयलर तसाच गार होऊ दिला. उघडल्यावर वरच्या ओळीतल्या ट्यूब वाकलेल्या दिसल्या, रंग बदललेला. त्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं असतं तर हे सदर लिहायला मी नसतो. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत होतं. सकाळी मालकाने उत्पादन बुडालं म्हणून त्यांना सगळ्यांसमोर झापलं आणि ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही, ते मला अजून लागतं.

तर मुलाला हा क्रम पाठ करून द्या. काच खरंच रिकामी आहे की चोक झालीय हे ब्लो करून लगेच बघायचं, दुसरी काचही बघायची. दोन्हीत पाणी नसेल तर जळण बंद, पंखे बंद, पाणी घालायचं नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा नाही, स्टीम एकदम सोडायची नाही, माणसं बाहेर काढायची, इंजिनिअरला फोन करायचा आणि लॉगबुकात वेळ लिहायची. नंतर तो बॉयलर तपासून घेतल्याशिवाय परत पेटवायचा नाही, आणि बॉयलर अशक्त होईल असं काही झालं असेल तर तो कायद्याने अपघातच, १९२३ पासून त्याची लेखी खबर २४ तासांत इन्स्पेक्टरला द्यायचा नियम आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला झोपेतून उठवून विचारा, काचेत पाणी नाही, काय करशील? पहिला शब्द "जाळ" आला पाहिजे.